ज्याचं जनावर, त्याची मोळी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तीही पुरती झाली नाही. पण सही मी लफ्फेदार करतो. गावच्या सोसायटीचा चेअरमन होतो तेव्हा भल्याभल्यांना त्या सहीसाठी माझ्या ओट्यावर बसून राहावं लागायचं. एवढं सांगायचं कारण, वाकायची सवय मला नव्हती. एसटीत जागा नसली तर वडवणीपर्यंत उभा जाईन, पण कुणाला "जरा सरका" म्हणणार नाही.

माझा धाकटा मुलगा देशाकडून क्रिकेट खेळला. बॅट आणि बॉल, दोन्हीनं. लोक येतात, खुर्ची ओढून बसतात, विचारतात, "आबा, हा एवढा मोठा खेळाडू घडला कसा?" त्यांना काहीतरी गोड ऐकायचं असतं. मी चहा सांगतो आणि तळ्याची गोष्ट सांगतो. छावणीची कधी सांगितली नाही. छावणी म्हटलं की अजून माझे कान तापतात.

आधी तळ्याचंच सांगतो. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. बाकी सगळं रान उताराचं आणि दगडाचं, पाच पावलं सरळ चालता येत नाही. सपाट म्हणाल तर तळ्याचा तळ तेवढा सपाट, परातीसारखा. पण तो दिसणार कधी? पाऊस दगा देईल तेव्हा. ज्या साली आम्ही आभाळाकडं बघून रडायचो, त्या साली गावची पोरं तळ्यात उतरून खेळायची. गाळाला ह्या एवढ्या भेगा. बॉल कुठं पडून कुठं उसळी घेईल, देवाला ठाऊक. त्यावर आमचा धाकटा बॅट धरायला शिकला. आणि पाऊस चांगला होऊन तळं भरलं की ही पोरं काठावर बसून पाण्याकडं असं बघायची, जसं त्यांचं घरच कुणी बुडवलंय.

मला त्याचा संताप यायचा. "पाणी आलं म्हणून तोंड पाडतंय, असलं पोरगं माझ्याच घरात कावून जन्माला आलं?" असं मी म्हणायचो.

त्याची माय म्हणायची, "दुष्काळात गावात एक तरी जण हसतंय ना? मग हसू द्या की."

पुढं तो बीडला होस्टेलवर गेला, मग जिल्हा, मग राज्य, आणि एक दिवस पेपरात त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'अष्टपैलू खेळाडू'. मी ते अक्षराला अक्षर लावून वाचलं, पण अर्थ लागेना. आमच्याकडं पूर्वी एक सालगडी होता. बरीच वर्षं राबला, मग स्वतःची दोन म्हसरं घेऊन वेगळा झाला. जिभेला त्याच्या हाड नाही. तो म्हणाला, "मालक, तुमच्या बापाच्या येळचा तांबडा बैल आठवतो का? मोटंला बी चालायचा आन् औताला बी. तसंच हे. बॉल बी टाकायचा आन् बॅट बी हाणायची."

मला लगेच समजलं. छातीही फुगली. पण त्या तांबड्या बैलाचं पुढचं तेव्हा आठवलं नाही. दोन्ही कामाला चालणाऱ्या बैलाला विसावा म्हणून नसतो. मोट सुटली की त्याला औताला धरतात. त्याचा खांदा सगळ्यात आधी गेला होता.

मुलगा नावारूपाला आला आणि इकडं लागोपाठ दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला. गावात कडब्याची पेंढी बघायला मिळेना. सहकारी कारखान्यानं आपल्या माळावर जनावरांची छावणी उघडली. जनावर न्यायचं, त्याच्या कानात बिल्ला ठोकायचा, दावणीला बांधायचं, आणि मालकानं तिथंच पाल टाकून राहायचं. रोज ऊस मिळायचा, पाणी मिळायचं, अधूनमधून पेंड. अख्खं गाव गेलं. मी गेलो नाही. माझी खिलारी जोडी होती. चेअरमन राहिलेला माणूस, त्याचे बैल सरकारी उसावर जगवायचे? लोकांना दुष्काळी कामं वाटलीत मी. मागायला मी जाऊ?

मुलाचा परदेशातून फोन आला. "आबा, चाऱ्याचा ट्रक पाठवू का?"

"माझी जनावरं मला जड न्हाईत."

"मग तुमी आन् माय इकडं शहरात येऊन राव्हा."

"आन् बैल काय तुझ्या फ्लॅटात बांधू?"

त्यानं हसून फोन ठेवला. त्याला माहीत होतं मी कसा आहे ते. झाडाचा पाला, जुनं गवत, छपरावरचं काढलेलं पाचट, जे मिळेल ते मी बैलांना घातलं. एका सकाळी पांढरा बैल बसला तो उठेना. शेपूट पिरगाळली, खांदा लावला, उठेना. त्याची माय दारात उभी होती. ती म्हणाली, "आता गव्हाणीत तुमचा ताठा टाका. बघा खातो का."

त्याच दिवशी ट्रॅक्टरवर घालून बैल छावणीत नेले. मुलाला कळवलं नाही.

आता छावणीतला नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. उसाच्या मोळ्या गाडीतून उतरायच्या, रांग लागायची, आणि ज्याच्या त्यानं आपली मोळी खांद्यावर घेऊन आपल्या दावणीपर्यंत न्यायची. गडी पाठवायचा नाही, शेजाऱ्यानं उचलायची नाही. हा नियम मी केलेला. ह्याच्या आधीच्या एका दुष्काळात आमच्या सोसायटीनं छावणी चालवली होती. तेव्हा मोठे बागायतदार दोन-दोन गडी रांगेत लावायचे आणि दुप्पट ऊस उचलायचे, गरिबाचं जनावर हंबरत राहायचं. तेव्हा मी ओट्यावर उभा राहून सांगितलं, ज्याचं जनावर, त्याची मोळी. घरच्यानंच उचलायची. लोकांना तो न्याय इतका पटला की पुढं कारखान्यानं छावणी उघडली तेव्हाही तोच नियम धरला. मला त्याचा अभिमान होता. अजूनही नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी रांगेत माझ्या पुढं कोण, तर आमचा तो जुना सालगडी. मागं वळून बघितलं आणि स्वतःचा कान पकडून म्हणाला, "मालक, तुमच्या बैलाला बी बिल्ला, माझ्या म्हशीला बी बिल्ला. आता दोघांचं गोत एकच."

"पुढं बघ बे," मी म्हणालो. रांग हसली. मोळी खांद्यावर घेताना पाय लटपटले, तेव्हा तो धरायला धावला. मी त्याचा हात झिडकारला. तो राग धरणारा नव्हता. संध्याकाळी त्याच्याच पालात चहा प्यायलो.

मुलाची मॅच असली की कारखान्यानं ऑफिसच्या पत्र्याखाली टीव्ही लावायला सुरुवात केली. शेणाच्या हातांनी लोक येऊन बसायचे. तो बॉल टाकायला पळत यायचा तेव्हा सगळी छावणी श्वास धरायची. मी मागं खांबाला टेकून उभा राहायचो. पुढं या म्हटलं तरी गेलो नाही. पण खरं सांगायचं तर ते दिवस मला वाईट वाटत नव्हते.

मग एक मंत्री छावणी बघायला आला. त्याच्यामागं टीव्हीवाले. कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं. लगेच एक तरुण पोरगी माईक घेऊन पुढ्यात. "आजोबा, तुमचा मुलगा देशासाठी खेळतो आणि तुम्ही छावणीत? तो तुमच्याकडं बघत नाही का?"

भोवती गाव उभं होतं. मंत्री वळून बघत होता. मी पटका सारखा केला आणि म्हणालो, "त्याचं तो खातो, माझं मी खातो. माझ्या बैलाच्या तोंडात त्याचा घास गेला न्हाई, आन् जानार बी न्हाई."

मला वाटलं, काय बोललो! मान ताठ राहिली.

सालगडी डोकं खाजवत म्हणाला, "मालक, लई झ्याक बोललात. तुमचं नाक राहिलं. पोराचं कुठं गेलं?"

रात्रीच्या बातम्यांत तेच. एका बाजूला मी शेणात उभा, दुसऱ्या बाजूला मुलगा बुटांच्या जाहिरातीत हसतोय. मधे माझं वाक्य. चारा पाठवू का म्हणून विचारणारा तो फोन त्यात नव्हता. तो मी सांगितलाच नव्हता, तर येणार कुठून?

पुढच्या मॅचला तो सीमेजवळ उभा होता. मागून लोक काहीतरी ओरडत होते. टीव्हीत नीट ऐकू येईना. छावणीतल्या एका पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं, "आबा, लोक म्हणायलेत, आधी बापाच्या बैलाला चारा टाक, मग बॉल टाक." त्या दिवशी त्याच्या बॉलिंगला मार पडला, आणि बॅटिंगला आला तसाच परत गेला. पत्र्याखालून एकेक माणूस उठून गेला. मी खांबाला टेकून होतो, त्या खांबानं मला धरलं होतं म्हणा.

फोन करावा असं वाटलं. केला नाही. काय म्हणायचं, ते मला येत नव्हतं.

दौरा संपला आणि तो सरळ छावणीत आला. दुपारची वेळ, मोळ्या उतरत होत्या. चौसाळ्याच्या बाजूनं धूळ उडवत गाडी आली आणि हा उतरला.

"आबा."

"आलास?"

"आलो."

"कुनी बोलावलं?"

"कुनी न्हाई."

तो पांढऱ्या बैलाजवळ गेला, त्याच्या कानातल्या बिल्ल्यावरून बोट फिरवलं. टीव्हीचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. म्हणाला, "आज मोळी मी आनतो."

तो रांगेत जाऊन उभा राहिला आणि सगळ्या छावणीचे मोबाईल वर झाले. ते बघून माझ्या मनात काय आलं, ते सांगतो. मला बरं वाटलं. म्हटलं, काढा, काढा फोटो. टीव्हीनं लावलेला डाग टीव्हीनंच निघू दे. जगानं बघू दे, पोरगं बापाच्या बैलासाठी मोळी उचलतंय.

सालगडी धावत आला. "अवो, तुमी सरा धाकटे मालक. मी नेतो."

मी दावणीवरून ओरडलो, "हात लावू नको! ज्याचं जनावर, त्याची मोळी."

"मालक, पाव्हनं आलंय पोरगं."

"पाव्हनं न्हाई, घरचं हाय. घरच्यानंच उचलायची."

मुलगा हसला. "काका, नियम आबांचाच हाय. मोडून कसं चालंल?" पण तो लगेच वाकला नाही. मोळीकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, लाजतोय. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "दुनियेला सिक्सर दावतो, अन् एक मोळी उचलंना व्हय?"

लोक हसले. त्यानं मोळी खांद्यावर घेतली.

अर्ध्या वाटेवर आला असेल. चालता चालता थांबला. तोंडावरचं रक्त उतरलं. गुडघे वाकले, मोळी एका बाजूला आणि हा दुसऱ्या बाजूला, कुशीवर, शेणामातीत. ओरडला नाही. एक हात कमरेमागं, आणि डोळे मिटलेले. मोबाईल तसेच वर.

मी त्याच्याजवळ गेलो. बापाच्या तोंडून त्या वेळी काय निघावं? माझ्या तोंडून निघालं, "उठ. लोक बघत्यात."

तो म्हणाला, "उठता यीना, आबा."

सालगडी लोकांच्या अंगावर धावून गेला. "बंद करा बे ते! तमाशा हाय का हितं?" त्यानंच चादर आणली, चौघांना हाक मारली, पोराला गाडीत घातलं. मी बैलांसारखा उभा होतो. बैल तरी हंबरत होते.

बीडच्या दवाखान्यात समजलं, त्याच्या कमरेच्या मणक्याला चीर होती. आजची नव्हे. बॉलिंग करून करून पडलेली, जुनी. तो इंजेक्शनं घेऊन खेळत होता. संघात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बॉल हातातून काढून घेतला असता.

खाटेजवळ बसून मी विचारलं, "मला तरी कावून सांगितलं न्हाईस?"

तो छताकडं बघत म्हणाला, "पांढरा बैल बसलता, ते तुमी मला सांगितलं का?"

मी उठून त्याची चादर सारखी केली.

त्याचा तो पडतानाचा व्हिडिओ गावोगाव गेला. कुणी त्याला रडकं संगीत लावलं. जे लोक मैदानात ओरडत होते, तेच लिहायला लागले, असा मुलगा प्रत्येक बापाला मिळो. पोराचं नाव धुवून लख्ख निघालं. मला पाहिजे होतं ते अगदी तसंच झालं. आणि तोच व्हिडिओ संघाच्या डॉक्टरांनीही बघितला. त्यांनी बोलावून तपासलं आणि बॉलिंग बंद केली. नुसत्या बॅटिंगवर तो काही दिवस खेळला. पण नुसती बॅट धरणारे त्याच्यापेक्षा चांगले त्यांच्याकडं रग्गड होते. एकदा संघ जाहीर झाला, त्यात त्याचं नाव नव्हतं. पुढं कधी आलं नाही.

"मोळीनं काही झालं नाही, ते होणारच होतं," असं डॉक्टर म्हणाला. मुलगाही म्हणतो, "आदीच गेलतं, आबा. मोळी निमित्त." लोकांची समजूत काढायला हे ठीक आहे. मोळी नसती तर त्यानं ते दुखणं आपल्या वेळेनं, आपल्या तोंडानं सांगितलं असतं. कदाचित विसावा घेऊन परत उभा राहिला असता. त्याला शेणात पाडून जगाला दाखवायची काय गरज होती? आणि पडल्यावर मी काय म्हणालो, ते त्या व्हिडिओत ऐकू येत नाही. संगीत मोठं आहे. पण त्यानं ऐकलंय आणि मी बोललोय.

नंतर पाऊस झाला. तळं भरलं. त्याचं मैदान पाण्याखाली गेलं. छावणी उठली, बैल घरी आले. पांढऱ्याच्या कानाला बिल्ल्याचं भोक तसंच राहिलं. माशी बसली की तो कान झटकतो, आणि माझं लक्ष जातंच.

आता मुलगा शहरात पोरांना शिकवतो. कमरेला पट्टा असतो. यंदा पोळ्याला आला होता. पोळा झाल्यावर सोसायटीची माणसं आली. त्यांनी सत्कार ठेवलेला, त्याचा आणि माझा. स्टेजवर बापलेक शेजारी, शाल, नारळ. मी म्हणालो, "माझा कशापायी? मी येत न्हाई." ते म्हणाले, "तुमच्याशिवाय शोभा नाही." मी म्हणालो, "शोभा एकदा करून झालीय." त्यांना समजलं नाही. मुलाला समजलं असावं, त्यानं मान फिरवली.

माणसं अंगणात वाट बघत उभी होती. तो ओट्यावर बसून बूट घालत होता. पाय आत गेले, पण नाड्या बांधायला वाकता येईना. पट्टा आडवा येत होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि नाड्या तशाच बुटात खोचायला लागला. माय आत होती.

मी ओट्यावरून उतरलो आणि त्याच्यापुढं खाली बसलो. गुडघे कडकड वाजले. त्याचा पाय ओढून घेतला.

"सोडा आबा," तो हळूच म्हणाला. "लोक बघत्यात."

"बघू दे."

मला बुटाच्या नाडीची गाठ येत नाही. मी आयुष्यभर एकच गाठ मारत आलो. तीच मारली, आधी एका पायाला, मग दुसऱ्या. दाराच्या कडेला तो जुना सालगडी बघत उभा होता.

मुलानं पाय हलवून बघितला. "आबा, ही तर दाव्याची गाठ हाय. बैलाची."

"मग?"

"सुटायची कशी?"

"वढून बघ," मी म्हणालो. "तुला न्हाई सुटली, तर घरी आल्यावर मी सोडतो."

ते सगळे सत्काराला गेले. मी खालीच बसून राहिलो. एकट्यानं उठता येत नव्हतं, आणि हाक मारायला मला वेळ लागला.